बिलातली ती ऐच्छिक ओळ : अमेरिकेतल्या रिअल इस्टेट एजंटांनी आरपॅकला पैसे का, किती आणि कसे द्यावेत

रिअल्टर संघटनेच्या ड्यूजचं, म्हणजे वार्षिक सभासद-वर्गणीचं, बिल वरून खाली वाचत या. आधी राष्ट्रीय असोसिएशनचे पैसे, २०२५ च्या बिलात १५६ डॉलर. मग ग्राहकांसाठीच्या जाहिरात मोहिमेची ४५ डॉलरची वेगळी आकारणी. त्याखाली राज्याच्या असोसिएशनचे, मग स्थानिक बोर्डाचे. आणि शेवटी, बेरजेच्या जरा वर किंवा जरा खाली, 'आरपॅक' (संघटनेचा राजकीय निधी) अशी एक ओळ, समोर एक सुचवलेला आकडा. बरेच एजंट तो बिलाचाच भाग समजून भरून टाकतात. काही जण 'राजकारण आपल्याला नको' म्हणत तिरीमिरीत खोडतात. त्या ओळीखालची बारीक अक्षरं मात्र दोघांनीही वाचलेली नसतात, आणि खरी माहिती तिथेच असते.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. या धंद्यात पूर्ण वेळ असाल आणि कायद्याने देऊ शकत असाल तर थोडे पैसे जरूर द्या. पण पावती फाडण्याआधी पैसा कुठे जातो, कुणाच्या खात्यातून निघतो आणि हिशोबात कुठे लिहायचा, हे कळलं पाहिजे. चुका बहुतेक इथेच होतात.

ड्यूज वेगळे, आरपॅक वेगळा

आरपॅक म्हणजे रिअल्टर्स पोलिटिकल अॅक्शन कमिटी. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स ही संघटना १९०८ ची, तिचा हा राजकीय निधी १९६९ पासूनचा. ('रिअल्टर' हा संघटनेचा ट्रेडमार्क आहे. लायसन्स असलेला प्रत्येक एजंट रिअल्टर नसतो.) संघटनेची स्वतःची तिजोरी फेडरल उमेदवाराला थेट देणगी देऊ शकत नाही, कारण कायद्याने कॉर्पोरेशनला ती मनाई आहे. म्हणून सभासदांच्या खासगी, ऐच्छिक पैशातून वेगळा निधी ठेवावा लागतो. त्या निधीचा कारभार चालवण्याचा खर्च मात्र संघटना ड्यूजमधून करू शकते.

लॉबिंग हा तिसराच प्रकार. वॉशिंग्टनमध्ये पगारी माणसं ठेवून कायद्यांवर काम करवून घेणं, हे ड्यूजच्या पैशातून होतं. २०२२ साली संघटनेने लॉबिंगवर नोंदवलेला खर्च ८ कोटी डॉलरच्या पुढे होता. त्यासमोर आरपॅक फेडरल उमेदवारांना दोन वर्षांच्या एका निवडणूक फेरीत देतो ती रक्कम साधारण ३० ते ४० लाख डॉलरच्या घरातली. शिवाय २०१२ पासून ड्यूजमध्ये ४० डॉलरची जी वाढ झाली, ती राजकीय कामासाठीच मंजूर केलेली होती. थोडक्यात, आरपॅकची ओळ खोडली म्हणजे संघटनेच्या राजकारणातून अंग काढून घेतलं असं होत नाही. उमेदवाराच्या खिशात जाणारा तेवढा भाग थांबतो.

आता बारीक अक्षरं. त्यांत साधारण असं म्हटलेलं असतं : देणगी ऐच्छिक आहे, नाकारल्याबद्दल किंवा कमी दिल्याबद्दल कुणावर आकस धरला जाणार नाही, ७० टक्के रक्कम राज्याच्या निधीकडे, राज्य आणि स्थानिक उमेदवारांसाठी, ३० टक्के राष्ट्रीय निधीकडे, फेडरल उमेदवारांसाठी. राज्याने आपलं ठरलेलं उद्दिष्ट गाठलं की पुढची सगळी रक्कम स्वतःकडे ठेवायची मुभा त्याला असते. म्हणजे तुमच्या १०० डॉलरमधले ३० वॉशिंग्टनच्या दिशेने जातात, ७० राज्याच्या राजधानीकडे. बातम्यांत काँग्रेसच (अमेरिकेची संसद) दिसत असली तरी तुमचा पैसा मुख्यतः तुमच्या राज्यातच खर्च होतो. निधीचं नाव राज्यागणिक बदलतं : टेक्ससमध्ये ट्रेपॅक, कॅलिफोर्नियात क्रेपॅक.

एजंटाच्या पोटाशी याचा संबंध काय

घरमालकांचं हित वगैरे बोललं जातं, आणि ते खोटं नाही. पण एजंटाचा स्वतःचा स्वार्थ आधी पाहू, तो जास्त ठोस आहे.

पहिला मुद्दा तुम्ही नोकर आहात की स्वतंत्र, हा. १९८२ च्या फेडरल करकायद्यात कलम ३५०८ आलं. तीन अटी पाळल्या तर रिअल इस्टेट एजंट करापुरता नोकर धरला जात नाही : लायसन्स हवं, जवळजवळ सगळी कमाई तासांवर नव्हे तर विक्रीवर ठरलेली हवी, आणि ब्रोकरशी तसा लेखी करार हवा. तुमचा १०९९ (स्वतंत्र कंत्राटदाराच्या कमाईचा करफॉर्म), गाडीचा खर्च वजा करणं, स्वतःच्या वेळेवर काम करणं, सगळं या चौकटीत बसतं. पण हे कलम फेडरल करापुरतंच. राज्यांचे कामगार कायदे स्वतंत्र, आणि तिथे हा प्रश्न पुन्हा पुन्हा उकरला जातो. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये असेंब्ली बिल ५ करून स्वतंत्र कंत्राटदाराची व्याख्या आवळली, तेव्हा लायसन्सधारी रिअल इस्टेट एजंटांना सूट मिळाली. ट्रकचालक, पत्रकार, कलाकार त्या बिलाच्या तडाख्यात सापडले. अशी सूट आपोआप मिळत नाही. बिल समितीत असताना कुणीतरी जाऊन बसावं लागतं.

दुसरा मुद्दा बँकांचा. १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने मोठ्या बँक समूहांना 'आर्थिक स्वरूपाचे' धंदे करायची मुभा दिली. २००१ च्या सुरुवातीला फेडरल रिझर्व्ह आणि ट्रेझरीने प्रस्ताव मांडला की घरांची दलालीही त्यात धरावी. कर्ज देणारी बँकच घर विकणार! संघटनेने काँग्रेसला धरून दरवर्षी खर्चाच्या बिलात एक कलम घालून तो नियम रोखून ठेवला, आणि २००९ मध्ये बंदी कायमची झाली. आठ वर्षं एकच दोरी ओढत राहणं म्हणजे काय, याचं हे चांगलं उदाहरण. आणि यात ग्राहकाचं हित किती, एजंटाच्या कमिशनचं रक्षण किती, यावर दोन मतं असू शकतात. आम्हाला विचाराल तर दुसरं पारडं जड होतं.

मग पूरविमा. सरकारी पूरविमा योजना १९६८ ची, आणि काँग्रेसने वेळेत मुदत वाढवली नाही तर तिथे नवी पॉलिसी निघत नाही. पूरक्षेत्रातल्या घरावर बँक विम्याशिवाय गहाणकर्ज देत नाही. २०१० च्या जूनमध्ये योजना जवळजवळ महिनाभर खंडित होती. घर पसंत, कर्ज मंजूर, सामान बांधलेलं, आणि क्लोजिंग, म्हणजे घराचा अंतिम व्यवहार, अडकलेलं. कमिशन क्लोजिंगनंतरच हातात पडतं, हे एजंटाला वेगळं सांगायला नको.

करांची यादी तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून भराभर : गहाणकर्जाच्या व्याजाची वजावट २०१७ च्या कायद्याने १० लाखांवरून ७.५ लाख डॉलर कर्जापर्यंत खाली आली आणि २०२५ मध्ये तीच मर्यादा कायम झाली. राज्य-स्थानिक करांच्या वजावटीची १० हजारांची मर्यादा २०२५ मध्ये ४० हजारांवर गेली. स्वतंत्र धंदेवाल्यांना मिळणारी २० टक्क्यांची वजावट २०२५ च्या कायद्याने कायमची झाली. राहतं घर विकताना नफ्यावरची सूट (एकट्याला २.५ लाख, जोडप्याला ५ लाख) १९९७ पासून तशीच आहे, महागाईशी जोडलेली नाही. त्यामुळे जुने मालक घर विकत नाहीत, आणि तुम्हाला लिस्टिंग, म्हणजे विकायला घर, मिळत नाही.

स्थानिक पातळीवर हस्तांतर कर हा सगळ्यात मोठा वाद. लॉस एंजेलिसमध्ये २०२२ मध्ये मतदारांनी ५० लाख डॉलरवरच्या विक्रीवर ४ टक्के आणि १ कोटीवर ५.५ टक्के कर मंजूर केला. शिकागोत मार्च २०२४ मध्ये अशाच प्रस्तावाला मतदारांनी नकार दिला. दोन्हीकडे रिअल इस्टेटवाले विरोधातच होते. एकीकडे हरले, एकीकडे जिंकले. अशा जनमताच्या लढाया सहसा वेगळ्या 'इश्यू' निधीतून लढल्या जातात, आणि त्यात कंपन्यांचे पैसेही चालतात. आरपॅकचं काम उमेदवारांपुरतं.

उमेदवाराला किती देता येतं? असा निधी एका फेडरल उमेदवाराला एका निवडणुकीत ५,००० डॉलर देऊ शकतो; प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणून जास्तीत जास्त १०,०००. एवढ्यात कुणाचं मत विकत मिळत नाही. मिळते ती भेटीची वेळ, आणि फोन उचलला जातो. गणित करा : प्रतिनिधीगृहाच्या ४३५ जागांवर एकेका उमेदवाराला १०,००० द्यायचे म्हटले तर ४३.५ लाख लागतात. म्हणजे या निधीची ताकद कुणा एकावर पैसा ओतण्यात नाही, देशभर सगळीकडे थोडा थोडा पोहोचण्यात आहे. त्यासाठी मूठभर श्रीमंतांपेक्षा २५-५० डॉलर देणारे पुष्कळ एजंट जास्त उपयोगाचे.

आधी तपासा : तुम्ही देऊ शकता का

मराठी वाचकांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक राजकीय देणगी देऊ शकतात. बाकी कुणीही नाही : एच-१बी नाही, एल-१ नाही, ओपीटीवरचे विद्यार्थी नाहीत. फेडरल, राज्य, स्थानिक, तिन्ही निवडणुकांना ही मनाई लागू आहे, अगदी ५ डॉलरलाही.

फसगत होते ती एच-४ वाल्यांची (एच-१बी धारकांच्या जोडीदारांचा व्हिसा). एच-४ वर कामाचा परवाना मिळाला की लायसन्स काढता येतं, ब्रोकरकडे लागता येतं, बोर्डाचं सभासद होता येतं. ड्यूज भरणं पूर्ण कायदेशीर. पण त्याच बिलातली आरपॅकची ओळ तुमच्यासाठी नाही. काही बोर्डांच्या ऑनलाइन बिलात ही रक्कम आधीच बेरजेत धरलेली असते. 'पे' दाबण्याआधी ती शून्य करा. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असेल तरी कार्ड मंजूर होईपर्यंत हेच. चुकून भरले असतील तर बोर्डाला लगेच ईमेल करा : मी नागरिक किंवा कायम रहिवासी नाही, अमुक तारखेची आरपॅकची रक्कम परत करावी. उत्तर जपून ठेवा. निधीतून कुणाला पैसे द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीवरही अशा सभासदाने बसायचं नाही. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून खुर्च्या मांडायला हरकत नाही.

फेडरल सरकारशी स्वतःच्या नावाने कंत्राट असेल तर कंत्राटाच्या काळात तुम्हीही देऊ शकत नाही. काही राज्यांत राज्य सरकारच्या कंत्राटदारांसाठीही निर्बंध आहेत.

पैसे कुणाच्या खात्यातून

सगळ्यात जास्त चेक परत जातात ते या कारणाने. कमिशन एस-कॉर्पच्या (एजंटाने स्वतःच काढलेल्या कंपनीच्या) खात्यात येतं, ड्यूज तिथूनच जातात, मग त्याच कार्डावर आरपॅकही. एस-कॉर्प ही कॉर्पोरेशन आहे. तिचा पैसा फेडरल निधीत चालत नाही. एलएलसी या दुसऱ्या प्रकारच्या कंपनीचं थोडं वेगळं. एकमालकी एलएलसीने कॉर्पोरेशन म्हणून कर भरायचा पर्याय घेतला नसेल तर देणगी मालकाची वैयक्तिक धरली जाते, पण तसं निधीला लेखी कळवावं लागतं. तो पर्याय घेतला असेल तर एस-कॉर्पसारखंच. इतकं डोकं लावण्यापेक्षा सरळ मार्ग : पैसे आधी वैयक्तिक खात्यात काढा, मग वैयक्तिक चेकने किंवा कार्डाने द्या. ड्यूज आणि आरपॅक असे दोन वेगळे व्यवहार करा.

नवरा-बायकोचं जॉइंट खातं असेल तर चेकवर जो सही करतो त्याची देणगी. दोघांच्या नावावर हवी असेल तर दोघांच्या सह्या घ्या आणि कुणाचे किती ते लिहा. रोख रक्कम १०० डॉलरच्या वर घेता येत नाही.

ब्रोकरने 'आमच्या ऑफिसचा सहभाग शंभर टक्के' दाखवायला सगळ्या एजंटांची रक्कम स्वतः भरणं, किंवा आधी भरायला लावून नंतर बोनसमधून परत करणं, हा दुसऱ्याच्या नावाने देणगी देण्याचा गुन्हा आहे. चांगल्या मनाने केलं तरी. आणि 'भरलं नाहीस तर लीड (संभाव्य ग्राहकांची नावं) मिळणार नाहीत' असं कुणी सुचवलं तर तीही कायद्याने बंद असलेली जबरदस्ती. नाही म्हणायचा हक्क त्या बारीक अक्षरांत छापलेला आहे.

किती

बिलात सुचवलेली रक्कम ही सुचवलेलीच असते. कमी, जास्त, शून्य, काहीही चालतं. नवीन असाल, वर्षात दोन-तीनच सौदे होत असतील, तर सुचवलेल्या रकमेवर थांबा. व्यवसाय बसला असेल तर महिन्याला १० डॉलर कार्डावर लावून द्या. वर्षाचे १२० होतात आणि जाणवत नाहीत. १,००० डॉलरपासून पुढे 'मेजर इन्व्हेस्टर' : १,००० ला स्टर्लिंग आर, २,५०० ला क्रिस्टल आर, ५,००० ला गोल्डन आर, १०,००० ला प्लॅटिनम आर. आयुष्यभरात २५,००० झाले की हॉल ऑफ फेम. पिन मिळते, समारंभाची आमंत्रणं येतात, राज्यभरच्या मोठ्या ब्रोकरांशी ओळखी होतात. पिनसाठी देणारे बरेच आहेत, त्यात वाईट काही नाही. फक्त रेफरल (इतरांनी पाठवलेले ग्राहक) मिळतीलच असं धरून हे पैसे देऊ नका.

कायद्याची मर्यादा : एक व्यक्ती एका फेडरल निधीला वर्षाला ५,००० डॉलर. मग १०,००० ची पातळी कशी? त्यातला ३० टक्के म्हणजे ३,००० च फेडरल बाजूला जातो. राज्याच्या बाजूची मर्यादा राज्याप्रमाणे. टेक्सस आणि व्हर्जिनियात अशा निधीला देण्यावर मर्यादाच नाही, काही राज्यांत ती कडक आहे. मोठी रक्कम देण्याआधी राज्य असोसिएशनच्या माणसाला फोन करून विचारा.

भरताना आणि नंतर

फॉर्मवर नाव, पत्ता, व्यवसाय आणि नियोक्ता विचारतात. स्वतंत्र एजंटाने व्यवसायात 'रिअल इस्टेट एजंट' आणि नियोक्त्याच्या जागी 'सेल्फ-एम्प्लॉइड' लिहावं. जागा रिकामी सोडली तर निधीच्या खजिनदाराला तुमच्या मागे पत्र पाठवावं लागतं. वर्षभरात फेडरल बाजूची रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की ही सगळी माहिती फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसते. ३० टक्क्यांच्या हिशोबाने ती वेळ एकूण सुमारे ६६७ डॉलर दिल्यावर येते. राज्यांचे उंबरठे खाली असू शकतात. कॅलिफोर्नियात तो १०० डॉलर आहे. घरचा पत्ता जगाला दाखवायचा नसेल तर ऑफिसचा टपालपत्ता द्या.

लिलाव आणि सोडतींचं वेगळं. आरपॅकच्या लिलावात ४०० डॉलर देऊन टोपली घेतली तर टोपलीची किंमत काहीही असो, पूर्ण ४०० देणगी धरली जाते आणि वर्षाच्या बेरजेत मिळते. म्हणजे बोली लावतानाही वैयक्तिकच कार्ड.

करात ही रक्कम कुठेच वजा होत नाही : धर्मादाय म्हणून नाही, धंद्याचा खर्च म्हणूनही नाही. नेहमीची चूक अशी की बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बोर्डाला गेलेली एकच मोठी रक्कम दिसते आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर ती सगळीच 'ड्यूज' म्हणून शेड्यूल सी (धंद्याच्या उत्पन्न-खर्चाचा करफॉर्म) मध्ये टाकतं. बिल समोर ठेवून तिचे तीन तुकडे करा : वजा होणारे ड्यूज (जाहिरातीचे ४५ डॉलर यात पूर्ण धरता येतात), ड्यूजमधला लॉबिंगचा भाग जो वजा होत नाही, आणि आरपॅक. लॉबिंगचा भाग किती, हे संघटना आणि राज्य असोसिएशन दरवर्षी जाहीर करतात. बिलावर नसेल तर त्यांच्या संकेतस्थळावर सापडतो.

आणि पैसे गेले कुणाला, तेही बघा. फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर निधीचं नाव टाकलं की दिलेल्या रकमांची उमेदवारवार यादी येते. तिथे तुमच्या नावडत्या पक्षाचेही उमेदवार दिसणार, कारण निधी दोन्ही पक्षांना देतो आणि घरबाजाराच्या मुद्द्यांपलीकडे सहसा बघत नाही. गर्भपात, बंदुका, स्थलांतर यांवरचं उमेदवाराचं मत तुम्हाला खुपत असेल तर तो आक्षेप रास्त आहे. मग आरपॅक शून्य करून थेट आपल्या पसंतीच्या उमेदवाराला द्या : २०२५-२६ च्या फेरीत एका व्यक्तीला एका फेडरल उमेदवारासाठी दर निवडणुकीला ३,५०० डॉलरपर्यंत मुभा आहे. किंवा काहीच देऊ नका, फक्त संघटनेचा 'कॉल फॉर अॅक्शन' आला की आपल्या प्रतिनिधीला तो संदेश पाठवा. त्याला दोन मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

त्या संकेतस्थळावर देणगीदारांची नावं, गावं, व्यवसाय सगळं मोफत दिसतं, आणि एजंटाच्या डोळ्याला ती लगेच लीडची यादी वाटते. ती उतरवून घेऊन कुणाला पोस्टकार्ड पाठवू नका. व्यापारी कामासाठी ती नावं वापरणं कायद्याने बंद आहे.